एक्केचाळिसावी नोंद

खुर्च्या मधलीनेच मांडल्या. पॅकिंगच्या खोलीत टेबल एकच होतं, लांबलचक, वरचा पत्रा ठिकठिकाणी पोचलेला. त्यावर पुठ्ठ्याच्या भुशाचा थर बसला होता. तिने फडकं ओलं करून तो पुसला. सभा अकराला होती आणि आत्ता सव्वादहा वाजले होते. भिंतीपलीकडची भट्टी चार महिने बंद होती, हे ठाऊक असूनही तिने सवयीने भिंतीला तळवा लावून पाहिला. गार.

अकरा वर्षांनी ती या खोलीत आली होती. मागच्या वेळी आली तेव्हा नवऱ्याला जाऊन महिनाही झाला नव्हता. भट्टी बदलली नाही तर कारखाना बसेल, असं दादा म्हणाले म्हणून विम्याचे सगळे पैसे तिने कंपनीला कर्जाऊ दिले. त्याबद्दल तिने एकच गोष्ट मागितली: एक कागद. किती दिले, कधी दिले, परत कधी मिळणार. दादा तिचे थोरले दीर आणि कारखान्याचे मालक; ती घरातली मधली सून. त्यांनी याच टेबलावर कागद लिहिला, खाली सही केली, आणि तो तिच्याकडे सरकवताना म्हणाले, "कागद मागितलास ना? मग आजपासून तू घेणेकरी. घरची नाहीस."

दादांनी शब्द पाळला. त्यानंतर घरातल्या कुठल्याही कार्याला तिला बोलावणं गेलं नाही.

आज तोच कागद तिच्या पिशवीत होता. कंपनी बुडाली होती, आणि त्या कागदामुळेच तिला इथे बसायचा हक्क होता.

"लवकर आलात," दारातून मिस्त्री म्हणाले. चाळीस वर्षं काच फुंकून त्यांचे गाल सैल झाले होते आणि आवाज खालचा. थकलेल्या पगारांसाठी कामगारांनी त्यांनाच प्रतिनिधी नेमलं होतं. "मतांचा हिशेब झाला?"

"झाला. इथे माणसं मोजत नाहीत, घेणं मोजतात. शंभरातले माझे अडतीस. तुमचे वीस. गॅसवाल्यांचे सत्तावीस. आत्याचे पंधरा, पण ती दादांची सख्खी बहीण, आणि मालकाच्या नातेवाइकांचं मत नियमाने धरत नाहीत."

"अडतीस आणि वीस. विकणाऱ्या साहेबांची गठडी वळली म्हणायची."

'विकणारे साहेब' हे लिक्विडेटरचं कामगारांत पडलेलं नाव. बुडालेल्या कंपनीची चीजवस्तू विकायची आणि आलेला पैसा घेणेकऱ्यांत वाटायचा, हे त्यांचं काम. त्यांना सुचवलं होतं दादांनी. विक्रीच्या मालाची यादी त्यांनी घेणेकऱ्यांना पाठवली, ती मधलीने तीन वेळा वाचली, आणि चौथ्या दिवशी मिस्त्रींची सही घेऊन सभा मागितली.

मिस्त्री खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. "एक विचारू? यादीत सगळं आहे. तुटका स्टूलसुद्धा आहे. पण गज कुठेच नाहीत."

ती पेन्सिलीला टोक काढत राहिली.

"अप्पांचे पोलादी गज. त्यांच्यावर तापलेली काच आवळल्याशिवाय आपली एक नेमक्या मापाची नळी तयार होत नाही. दादांना विचारलं तर म्हणतात, झिजले, मोडीत गेले. छप्पन गज मोडीत गेले आणि मला कळलं नाही?"

"नवा लिक्विडेटर येऊ दे," ती म्हणाली. "मग बघू."

मिस्त्रींनी तिच्याकडे नको तितका वेळ पाहिलं. आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय हे त्यांनी ओळखलं होतं, आणि त्यांनी ओळखलंय हे तिलाही कळलं.

गज कुठे आहेत हे तिला ठाऊक होतं. यादीतली एक्केचाळिसावी नोंद: 'काचेचा चुरा, वितळवण्यासाठी, सात खोकी, भंगार भावाने.' खोक्यांवरची ती अक्षरं सासऱ्यांची, म्हणजे अप्पांची. फार पूर्वी एका स्पर्धकाने कामगार फोडून चार गज पळवले होते. तेव्हापासून अप्पांनी गज खोक्यांच्या तळाशी ठेवले आणि वर हातभर फुटकी काच ओतली; कामाला लागतील तेवढे घरचंच माणूस काढून देई. चोर कुठेही हात घालेल, काचेत घालणार नाही, असं ते म्हणत. घरात नवं माणूस आलं की तिसऱ्या दिवशी अप्पा त्याला कोठारात नेत आणि उघडा हात खोक्यात घालायला लावत. मधलीलाही नेलं होतं. उजव्या तर्जनीखाली अजून पांढरी रेघ होती. "हे घरातच राहील," अप्पा म्हणाले होते, आणि तिने मान हलवली होती.

शुक्रवारी ती खोकी उचलली जाणार होती. आत्ता लिक्विडेटरला सांगितलं आणि तो दादांचाच माणूस निघाला, तर संध्याकाळी खोकी जागेवर नसती. म्हणून आधी लिक्विडेटर बदलायचा, बोलायचं नंतर.

•

दादा गाडीतून उतरले नव्हते. अंगणात गाडी उभी होती आणि शेजारी त्यांचा जावई कागद चाळत होता.

"नियमात नातेवाइकांची यादी आहे, बाबा. भाऊ, बहीण, भावाची बायको. भावाच्या विधवेचं नाव नाही. पण शेवटी एक ओळ आहे बघा. 'कुटुंबातली मानली जाणारी कुणीही व्यक्ती.' तुम्ही उठून एवढंच म्हणायचं, की ती आमची आहे. तिचे अडतीस बाहेर. मग गॅसवाले सत्तावीस, कामगार वीस. लिक्विडेटर जागेवर."

"गॅसवाले नक्की?"

"आपण नवी कंपनी काढली की गॅस त्यांच्याकडूनच घेऊ, असं सांगितलंय."

दादांनी मान वर केली. समोर भट्टीचं धुराडं होतं. त्यातून धूर येत नाही हे त्यांना अजून बघवत नसे. आपण चोरी करत नाही, असं ते रोज स्वतःला सांगत. अप्पांनी एकोणीस वर्षं हाताने घासलेले गज बाजारात उभे करायचे, आणि कुणी परका येऊन ते कापून दांडे करणार? त्यापेक्षा भंगार भावाने घरातच राहिलेले बरे. जावयाच्या नावाने पुन्हा भट्टी पेटली की मिस्त्रींनाही कामावर घेता येईल. मधलीचे पैसेही हळूहळू देता येतील. या शेवटच्या वाक्यापाशी ते दरवेळी जरा अडखळत.

"अकरा वर्षं मी तिला घरची म्हटलं नाही," ते म्हणाले.

"म्हणून तर आज म्हटलं की वजन पडेल."

जावयाने कागद दुमडले. त्याच्या उजव्या हाताच्या बोटाला चिकटपट्टी होती.

"काय लागलं?"

"डबा उघडत होतो. चला, अकरा वाजले."

•

आत्या चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. लोक काय बोलतात यापेक्षा बोलता बोलता कुठे थांबतात, याच्याकडे तिचं लक्ष असे. धाकटे-थोरले, गिऱ्हाइकं, कामगार, सगळे तिला आत्याच म्हणत. आज तिचे पंधरा कुणी मोजणार नव्हतं. ती टेबलाच्या टोकाला जाऊन बसली, जिथून सगळ्यांचे चेहरे दिसत.

लिक्विडेटरना सर्दी झाली होती. "तसं पाहिलं तर," ते रुमाल घडी करत म्हणाले, "सभेचा अध्यक्ष मीच असतो."

"तुम्हाला ठेवायचं की काढायचं, हेच आज ठरवायचंय," मधली म्हणाली. "अशा वेळी घेणेकरी दुसरा अध्यक्ष निवडू शकतात. कलम वाचून दाखवू?"

"नको, नको."

गॅसवाले हसले. पोट टेबलाला टेकवून बसायची त्यांची सवय होती. "बरोबर आहे. आपला दात आपणच काय उपटणार? मिस्त्रींना बसवा. मी बसलो तर म्हणतील, गॅस सोडला."

मिस्त्री अध्यक्षाच्या खुर्चीत बसले. चाळीस वर्षांत या खोलीत ते कधी बसले नव्हते, आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्यामुळे अजूनही धड बसले नव्हते.

मधलीने पेन्सिलीचं टोक यादीवर ठेवलं. "एक्केचाळिसावी नोंद. सात खोकी चुरा. आपण ती उघडून पाहिलीत?"

"पाहिली की. झाकण काढलं, आत चुरा होता."

"खालपर्यंत?"

"काचेत हात कोण घालेल, बाई?" लिक्विडेटर शिंकले. "वर लिहिलंय चुरा, आत दिसतोय चुरा."

आत्याने उजवा तळवा उलटून पाहिला. तिच्याही हातावर रेघ होती. म्हणजे गज मोडीत गेले नाहीत. तिने दादाकडे पाहिलं. तो छताचा पंखा बघत होता. मग तिने मधलीकडे पाहिलं. हीसुद्धा जाणते आणि बोलत नाही. का? हिलाच तर ते हवे नसतील ना?

"घेणारं कोण आहे?" मधलीने विचारलं.

"एक फर्म आहे."

"कुणाची?"

"तसं पाहिलं तर ते…"

"घेणेकऱ्याने विचारलं तर सांगावं लागतं, साहेब," मिस्त्री म्हणाले.

लिक्विडेटरनी फाइल उलटली आणि दोन भागीदार वाचून दाखवले. दुसरा जावयाचा कॉलेजपासूनचा दोस्त होता. त्याच्या लग्नात आत्या जेवून आली होती.

"मित्र असणं गुन्हा आहे का?" जावई म्हणाला.

"गुन्हा नाही," गॅसवाले म्हणाले. "पण मला म्हणालात, नवी कंपनी तुमची. आता मित्राची झाली?"

"आपण नंतर सविस्तर बोलू."

"माझी उधारीपण तुम्ही नंतर सविस्तर द्याल."

जावयाने टेबलाखालून दादाच्या गुडघ्याला स्पर्श केला. आत्याला ते दिसलं. दादा उठला.

"माझी हरकत आहे. हिचं मत धरता येणार नाही. ही माझ्या भावाची बायको. आमच्या घरची आहे."

आत्या मोठ्याने हसली. तिला ते थांबवताच आलं नाही. "कधीपासून रे?"

"तू मध्ये बोलू नकोस."

"मत काढून घेतलंत, आता तोंडही काढून घ्या. माझा साठावा वाढदिवस होता तेव्हा कोण म्हणालं, तिला बोलावणार असशील तर मी येत नाही?"

 मधलीच्या हातातली पेन्सिल थांबली.

"दादा, हे ठरवायचं माझ्यावर आलंय," मिस्त्री सावकाश म्हणाले. "मला कायदा कळत नाही. पण तुम्ही यांना कागद लिहून दिलात तेव्हा मी इथेच उभा होतो. खोकी बांधत होतो. तुम्ही काय म्हणालात ते मी ऐकलंय."

"रागात बोललो."

"अकरा वर्षं राग? मग आज या घरच्या कशावरून? एक तरी सांगा, जे घरच्या माणसाचं असतं आणि यांच्याकडे आहे."

 सगळ्यांसमोर कोंडीत सापडून दादाचे कान लाल झाले. लहानपणीही असेच व्हायचे.

"तिचा उजवा हात बघा!" तो ओरडला. "बोटाखाली रेघ आहे. आत्याच्या हातावर आहे, माझ्या आहे. अप्पांनी घरात आलेल्या प्रत्येकाला दिली. परक्या माणसाला अप्पांनी त्या खोक्यात हात घालू दिला असता का?"

मिस्त्री खुर्चीतून पुढे झुकले.

"कोणत्या खोक्यात, दादा?" मिस्त्रींनी विचारलं.

•

कोठाराचं सील लिक्विडेटरनीच तोडलं. आत ओल्या पुठ्ठ्याचा वास होता. सात खोकी भिंतीलगत ओळीने होती, अप्पांची अक्षरं अजून ठसठशीत. मधलीला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला बरं वाटेल. तसं काही झालं नाही.

लिक्विडेटरनी हातमोजे पुढे केले. दादांनी ते घेतले नाहीत. बाही कोपराच्या वर दुमडून त्यांनी उघडा हात पहिल्या खोक्यात घातला. काच करकरली. तेलकट चिंध्यांत गुंडाळलेला गज वर आला. त्यांनी चिंधी सोडली, गज सदऱ्याला पुसला, आणि न बघताच बाजूला धरला. शेजारी मधली होती. तिने तो दोन्ही टोकांना धरून घेतला. मधोमध धरायचा नाही, घामाने गंज चढतो. हेही तिला अप्पांनीच शिकवलं होतं.

मिस्त्रींचे डोळे भरून आले होते. "मोडीत गेले म्हणालात," ते एवढंच म्हणाले.

कुठल्या खोक्यात सात गज, कुठल्यात नऊ. सहा खोक्यांतून अठ्ठेचाळीस निघाले. सातव्यात दादांनी हात घातला, चाचपडला, काढला, दुसऱ्या बाजूने घातला. मग दोन्ही हातांनी खोकं उचलून आडवं केलं. चुरा सळसळत फरशीवर पसरला. चुऱ्यात चुराच होता.

त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते खोटं नव्हतं. इतकी वर्षं संशय घेऊनही मधलीला ते लगेच कळलं.

"किल्ली कुणाकडे असते?" दादांनी विचारलं.

"माझ्याकडेच," लिक्विडेटर म्हणाले. "म्हणजे, तसं पाहिलं तर, मागच्या शनिवारी गिऱ्हाइकाला माल दाखवायचा म्हणून हे तासाभरासाठी घेऊन गेले होते. घरचेच म्हणून दिली. सील मी नंतर नवं लावलं."

सगळ्यांनी जावयाकडे पाहिलं.

"मी आत पाऊलसुद्धा टाकलं नाही," जावई म्हणाला. "माझा दोस्त एकटाच आत गेला होता. आणि या खोक्यात आठच होते की आधीच कमी होते, कुणाला माहीत?"

"आठ कमी आहेत हे तू कसं मोजलंस?" आत्या म्हणाली. "छप्पन होते, हे इथे कुणीच बोललं नाही."

"बाबांनी सांगितलं होतं."

"मी गज आहेत एवढंच सांगितलं होतं," दादा म्हणाले. "आकडा सांगितला नव्हता." त्यांची नजर जावयाच्या बोटावर होती. "पट्टी काढ."

"सांगितलं ना, डबा उघडताना…"

"बरं."

त्यांनी पुन्हा काढ म्हटलं नाही. जावयानेही काढली नाही.

सगळे टेबलाशी परतले. मिस्त्री यावेळी खुर्चीत नीट बसले, पण चेहरा पडलेला होता. "मला खरं तेच ठरवावं लागणार," ते मधलीकडे पाहून म्हणाले. "घरचं नसलेल्या माणसाला हे ठाऊक नसतं. मी डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही घरच्याच आहात. मग तुमचं मत…"

मधलीने मान खाली घातली. हिशेब सोपा होता. तिचे गेले तर उरले सत्तावीस आणि वीस. गॅसवाले नखं बघत होते. जावई त्यांच्या खुर्चीपाशी वाकून काहीतरी हळू बोलत होता, आणि ते नाही म्हणत नव्हते. लिक्विडेटर राहिला तर किल्ली त्याच्याकडेच राहणार. शनिवार पुन्हा येणार. आठ गज कुठे गेले हे शोधायचं कामही त्याचंच, आणि तो म्हणणार, तसं पाहिलं तर.

तरीही 'तुम्ही घरच्याच आहात' हे शब्द तिने मनात एकदा परत म्हणून पाहिले. अकरा वर्षांनी कुणीतरी तसं म्हणालं होतं.

दादा उभे राहिले. जावई चटकन त्यांच्या कानाशी आला. तो कुजबुजला, पण खोली लहान होती. "बाबा, नवा माणूस आला तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारेल. लपवलं तुम्ही. अडकाल तुम्ही."

"माहीत आहे," दादा म्हणाले.

मग ते मधलीकडे वळले. आज सकाळपासून त्यांनी पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं.

"माझी हरकत मी मागे घेतो. मी लिहून दिलेला कागद आहे हिच्याकडे. भाऊ गेल्यापासून मी हिला घरात घेतलेलं नाही. आत्याला विचारा, खोटं असेल तर सांगेल. एका रेघेने कुणी घरचं होत नाही. ही घेणेकरी आहे. घरची नाही." त्यांनी मिस्त्रींपुढच्या कागदाकडे बोट केलं. "तसंच लिहा, मिस्त्री."

"आत्या?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही घेतलं," आत्या म्हणाली, आणि तोंडावर पदर धरला.

मिस्त्रींना लिहायला वेळ लागला. हात फुंकनळीचा, पेनाचा नव्हे. लिहून झाल्यावर त्यांनी घसा साफ केला.

"लिक्विडेटर बदलावा, या बाजूने कोण?"

दादांचा हात टेबलाच्या पत्र्यावर होता. कोपरापर्यंत बारीक ओरखडे, दोनतीन ठिकाणी रक्त, ते पत्र्याच्या पोच्यात साठत होतं. मधलीने उजवा हात वर केला. डाव्या हाताने तिने सकाळचं ओलं फडकं त्यांच्यापुढे सरकवलं.